एक रुपया किमतीची जीप

घसारा हा शब्द मराठी कादंबरीत सहसा येत नाही. मी चार कादंबऱ्या लिहिल्या; त्यांत प्रेम आले, भाऊबंदकी आली, दुष्काळही आला, पण घसाऱ्याला जागा मिळाली नाही. बँकेत मात्र वीसेक वर्षे हाच शब्द डोळ्यांसमोर असे. खुर्ची, टेबल, पंखा, तिजोरी, शाखेची जीप. प्रत्येक वस्तूची किंमत दरसाल ठरावीक टक्क्यांनी उतरवत न्यायची, आणि वस्तू पुरती झिजली असे हिशेबाला वाटू लागले की वहीत तिच्यापुढे एक रुपया लिहून ठेवायचा. शून्य लिहायचे नाही. शून्य लिहिले की वस्तू वहीतून नाहीशी होते, आणि वहीतून नाहीशी झालेली वस्तू पुढे कधी तरी शाखेतूनही नाहीशी होते. म्हणून एक रुपया. आमच्या शाखेची जीप अशी कित्येक वर्षे एक रुपया किमतीची होती आणि रोज तीस-चाळीस किलोमीटर डोंगर चढून उतरत होती.

हे सगळे वर आले ते गेल्या थंडीत सिंहगड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात भरलेल्या जुन्या जीपगाड्यांच्या मेळाव्यामुळे. लग्नाची तिथी नव्हती, म्हणून जागा मिळाली होती. एरवी जिथे नवरदेवाची घोडी उभी राहते तिथे पंचवीस-तीस गाड्या ओळीने उभ्या. सगळ्यांची बॉनेटे उघडी आणि प्रत्येक बॉनेटात चार-चार डोकी खुपसलेली. मालकमंडळींत एक दंतवैद्य होते. ते म्हणाले, "इतकी उघडी तोंडं मी दवाखान्यातसुद्धा एका वेळी पाहिलेली नाहीत." बाकी मंडळी म्हणजे मुळशीकडचे दोन शेतकरी, एक निवृत्त सुभेदार, एक हिशेबतपासनीस, हिंजवडीत संगणकावर काम करणारी पाच-सहा पोरे, आणि वडिलांची जीप एकटीने चालवत आलेली एक कॉलेजातली मुलगी. एका टेबलावर पोहे आणि चहा, दुसऱ्यावर पाने, पकडी आणि एक उघडलेला कार्ब्युरेटर. दोन्ही टेबलांवरची बोटे सारखीच काळी. मला बोलावले होते ते लेखक म्हणून नव्हे. "काका, तुमच्या बँकेच्या जीपचं सांगा," एवढ्यासाठीच.

जाणकार माणूस बॉनेटच्या उंचीवरून जीपचे घराणे सांगतो, हे मला त्या दिवशी नव्याने कळले. बसके, सपाट बॉनेट असेल तर ती युद्धकाळातली विलीज किंवा तिची लगेचची धाकटी भावंडे. बॉनेट छातीपर्यंत उंच आले असेल तर ती 'थ्री-बी'. १९५३ साली विलीज कंपनीने नवे इंजिन आणले. त्याचे काही व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असल्याने ते उंचीला जास्त झाले आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा कंपनीने सरळ बॉनेटच वर उचलले. रूपाची काळजी कोणी केली नाही. आपल्याकडच्या बहुतेकांच्या मनात जीप म्हणून जे चित्र आहे ते या उंच कपाळाच्या गाडीचे. तालुक्याच्या गावी तहसीलदार उतरायचे ते हिच्यातून, आणि निवडणुकीत कर्णा लावून धुरळा उडवीत फिरायची तीही हीच.

मूळ जीप युद्धाच्या घाईत जन्मली. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने शंभरावर कारखान्यांना विचारणा केली आणि पहिला नमुना एकोणपन्नास दिवसांत मागितला. तो वेळेत करून दाखवला बँटम नावाच्या एका छोट्या, बुडत चाललेल्या कंपनीने. पण मोठे कंत्राट मिळाले विलीजला आणि तिच्या जोडीला फोर्डला. महायुद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. साठ अश्वशक्तीचे इंजिन, दाराच्या जागी रिकामी फट, काचही पुढे आडवी पाडता येणारी. म्हणजे गाडीतून जे जे वगळता येईल ते सगळे वगळून जे उरले ते. (बँटमला पुढे काय मिळाले, तर जीपला जोडायच्या ट्रेलरचे काम. कल्पना एकाची आणि कर्ज मंजूर दुसऱ्याला, हा प्रकार मी नंतर पुष्कळ पाहिला.)

आपल्याकडची कथा आणखी चमत्कारिक आहे. जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्र हे दोघे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली लुधियान्यात 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. १९४७ साली मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात झाली, आणि त्याच साली फाळणीही झाली. भागीदार मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीच्या पाटीवरचे दुसरे नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. नव्या राष्ट्राच्या पहिल्या घोटाळ्यातही जीपच होती. काश्मीरच्या लढाईसाठी विलायतेतून जुन्या जीपा मागवल्या. आल्या १५५, आणि त्याही चालण्याजोग्या नव्हत्या. ते प्रकरण १९५५ मध्ये मिटवण्यात आले. म्हणजे स्वातंत्र्याबरोबर जे जे आले त्या सगळ्यात ही गाडी कुठे ना कुठे उभी आहेच.

सुभेदारसाहेबांना मात्र घोटाळ्याच्या गोष्टीत रस नव्हता. त्यांनी त्यांच्या जीपच्या मागच्या बाजूला हात ठेवून मला एक जागा दाखवली. "इथे तोफ बसते." १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणच्या आघाडीवर कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी अशाच उघड्या जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे टिपले आणि १० सप्टेंबरला तिथेच देह ठेवला, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. रणगाड्याला पोलादी कवच असते आणि या गाडीला दारदेखील नसते, हे त्या उघड्या पत्र्याला हात लावल्याशिवाय कळत नाही. सुभेदारांच्या शेजारी एक जोंगा उभी होती. जबलपूरच्या कारखान्यात पूर्वी लष्करासाठी निसानच्या नमुन्यावर बनवली जाणारी, सहा सिलिंडरची, पेट्रोल पिण्यात कोणालाही हार न जाणारी. तिचे मालक म्हणजे मघाचे हिशेबतपासनीस. स्वतःच्या पेट्रोलचा हिशेब आपण ठेवत नाही, असे त्यांनी फार अभिमानाने सांगितले.

मी जीप पाहिली ती वेगळ्या आघाडीवर. १९८० च्या दशकात माझी बदली सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात झाली. राष्ट्रीयीकरणानंतर बँका खेड्यात गेल्या असे इतिहासात एका ओळीत लिहिले जाते. पण बँक चालत जात नाही, तिला कोणी तरी न्यावे लागते, आणि कोयनेच्या खोऱ्यात आषाढात नेऊ शकेल अशी गोष्ट एकच होती. चारही चाकांना ओढ देणारा छोटा दांडा पुढे ढकलला की गाडी चिखलातून म्हशीसारखी, घाई न करता, बाहेर येई. त्याच वाटेने पशुवैद्य जात, लसीकरणवाले जात, कुटुंबनियोजनवाले जात. लोक आवाजावरून गाडी ओळखायचे. पशुवैद्यांच्या जीपचा आवाज आला की पोरे पुढे धावत. आमच्या जीपचा आवाज आला की वाडीतले कर्ते पुरुष रानात निघून जात आणि दारात एक म्हातारी बसलेली असे, जिला काहीच ऐकू येत नसे. थकबाकीच्या यादीतल्या निम्म्या गावांत मी अशी बहिरी म्हातारी पाहिली आहे.

तिथे एक कर्जदार होता. सुशिक्षित बेरोजगारांसाठी १९८३ साली केंद्र सरकारने जी स्वयंरोजगाराची योजना काढली होती, तिच्यात जास्तीत जास्त २५,००० रुपये मिळत. त्याने एका सरकारी खात्याच्या लिलावात पडकी जीप घेतली. पेट्रोलचे इंजिन काढून भंगारात घातले, ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन बसवले, चासी मधून कापून हातभर लोखंड जोडले, मागे दोन आडवी बाकडी टाकली, वर ताडपत्री. सकाळी दुधाचे कॅन, त्यानंतर दिवसभर वडाप. पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकांना वडाप म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की एस. टी. जिथे पोचत नाही किंवा पोचून निघून गेलेली असते, तिथे जी गाडी माणसे भरेपर्यंत थांबते ती वडाप. विदर्भ-मराठवाड्यात तिची काळी-पिवळी झाली. भरेपर्यंत म्हणजे किती, याला वरची मर्यादा नसे. चालक स्वतः अर्धा बाहेर बसून गाडी चालवी.

वडापचे गोडवे मी गाणार नाही. त्या गाड्या घाटात उलटल्या, त्यांत माणसे गेली, आणि ज्यांनी त्यांकडे डोळेझाक केली त्यांचे हप्ते बँकेच्या हप्त्यांपेक्षा नियमित होते. पण हेही डोळ्यांनी पाहिले आहे की पावसाच्या रात्री अडलेली बाई कराडच्या दवाखान्यात पोचली ती त्याच कापून जोडलेल्या जीपमधून. त्या गाडीत मूळ कंपनीचे काय उरले होते? पुढची जाळी, स्टिअरिंग, आणि कदाचित मागचा एक्सल. बाकी सगळे कराडच्या लेथवर आणि पाटणच्या वेल्डिंगच्या दुकानात जन्मलेले.

आता मुद्द्यावर येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. त्याआधी देशभर एकसारखी पद्धत नव्हती, तेव्हा नियम झाले हे चांगलेच झाले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी असावी; ती मूळ स्वरूपात राखलेली असावी; चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी पुन्हा पाच हजार. नंबरात 'व्हीए' ही दोन अक्षरे. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक अभ्यासाला, इंधन भरायला किंवा दुरुस्तीला बाहेर काढता येईल. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही सुरू झाले. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीला पूर्वी सहाशे रुपये पडत. एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार.

या दोन कागदांच्या मधोमध आपली जीप उभी आहे. महाराजांच्या गॅरेजातली रोल्स-रॉइस मूळ स्वरूपात राहिली, कारण ती कधी कामाला जुंपलीच नव्हती. जीपचे तसे नाही. १९७३ नंतर पेट्रोल भडकले तेव्हा ज्याला ज्याला गाडी चालती ठेवायची होती त्याने इंजिन बदलले. कोणी ट्रॅक्टरचे घातले, कोणी पर्किन्स, आणि पुण्याच्या आसपास अनेकांनी मॅटाडोरचे. मॅटाडोर आकुर्डीच्या बजाज टेंपोची, इंजिनाची विद्या मर्सिडीजची, गाडी मूळची अमेरिकन, जोडलेली माझगावात आणि बदललेली नाना पेठेतल्या नाहीतर भोसरीतल्या एखाद्या शेडमध्ये. नियमाच्या दृष्टीने ही गाडी बाटलेली. माझ्या दृष्टीने या देशातल्या जीपचा इतिहास म्हणजेच हे फेरबदल आहेत. ते खोडून उरते ती अमेरिकेच्या संग्रहालयात हवी तेवढी मिळणारी वस्तू.

मेळाव्यात यावरच जुंपली. दंतवैद्यांनी स्वतःच्या विलीजसाठी युद्धकाळातला सहा व्होल्टचा दिवा कुठून कुठून मिळवला होता. स्क्रूसुद्धा त्या काळचेच हवेत असा त्यांचा आग्रह. मुळशीकर म्हणाले, "डॉक्टर, तुमची गाडी देवघरात ठेवायची. आमची भात काढायला लागते." दोघांचे बरोबर आहे. फरक एवढाच की डॉक्टरांच्या बरोबर असण्याला कायद्यात रकाना आहे आणि शेतकऱ्याच्या बरोबर असण्याला नाही. पन्नास वर्षांची अस्सल गाडी वारसा. चाळीस वर्षांची, इंजिन बदललेली, रोज चालणारी गाडी मोडीच्या वाटेवर. आणि तिच्या मालकाने पन्नास पूर्ण होईपर्यंत तिचे काय करायचे, यावर कोणी बोलत नाही.

बाहेर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. दार्जिलिंगजवळच्या मानेभंजनहून संदकफूला जाणारी एकतीस किलोमीटरची वाट आहे, बारा हजार फुटांच्या जवळ नेणारी. तिच्यावर १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर परवापरवापर्यंत प्रवासी वाहत होत्या. चहाच्या मळ्यांतून उतरलेल्या, लाकडाच्या ठोकळ्यांनी आणि दोरांनी जगवलेल्या. (लँड रोव्हर ही स्वतः जीपचीच लेक. मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर एक जुनी विलीज होती, तिला पर्याय शोधताना ती सुचली. १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमला लोकांपुढे आली. आणि २००८ पासून ती कंपनी टाटांची आहे.) आता तिथेही बोलेरो वाढल्या आहेत. फिलिपिन्समध्ये अमेरिकन सैन्य जाताना जीपा टाकून गेले. लोकांनी त्या कापून, लांब करून, रंगवून त्यांची जीपनी केली. आमच्या पाटणच्या वडापची ती थोरली बहीण. २०१७ पासून तिथले सरकार त्या बदलून नव्या गाड्या आणू पाहत आहे आणि चालक रस्त्यावर उतरून भांडत आहेत, कारण नव्या गाडीचे कर्ज त्यांना झेपत नाही. हे भांडण मला तरी ओळखीचे वाटते. कर्जाच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना तेव्हा कोण काय बोलत असेल तेही मी सांगू शकेन.

जुन्या गाड्या धूर करतात हे खरे आहे. ब्रेक आजच्या मानाने कच्चे असतात, पट्टे नसतात, हेही खरे. दिवसभर शहरात राबणारी, धूर ओकणारी जुनी गाडी थांबवलीच पाहिजे. माझी नातवंडे याच हवेत श्वास घेतात. पण जी गाडी महिन्यातून दोन रविवारी बाहेर निघते आणि जिच्या मालकाला तिच्या प्रत्येक वायसरचा ठावठिकाणा माहीत असतो, तिला वयावरून मोजायचे कशासाठी? तपासणी करा, कडक करा. धूर मोजा, ब्रेक मोजा. वर्षाला किती किलोमीटर चालवायची ते बांधून द्या. आणि 'मूळ स्वरूप' या शब्दांच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा, 'त्या त्या काळात बदललेली' असा, ज्यात कोणते इंजिन कधी आणि का घातले याची नोंद होईल. मी नियमांच्या बाजूचा माणूस आहे. आयुष्यभर नियमच वाचले. म्हणूनच म्हणतो की नियमात रकाना घालणे हे वाटते तितके अवघड काम नाही.

आता घरच्या आहेराची वेळ. या मंडळींत दोन तट आहेत हे मला चहाच्या दुसऱ्या कपाला कळले. हिंजवडीच्या पोरांपैकी दोघांना पावसाळ्यानंतर सडे आणि माळ धुंडाळायचे होते. त्यांच्याकडे चाके मोठी, उत्साह त्याहून मोठा. "अहो, जिथे रस्ता संपतो तिथेच तर जीप सुरू होते," त्यांच्यातला एक म्हणाला. वाक्य चांगले आहे, जाहिरातीत शोभेल. पण सडा म्हणजे काय ते पाटणला राहिलेल्या माणसाला विचारावे. जांभ्याच्या खडकावर दोन-चार बोटे माती. त्या मातीत वर्षाचे आठ-दहा आठवडे सीतेची आसवे, गेंद, तेरडा यांचा संसार. बाकीचे महिने तिथे काही नाही असे वाटते, पण बी तिथेच पडलेले असते. एका चाकाने ती माती खरवडली की पुढच्या पावसात ती वाहून जाते आणि खाली खडक उरतो. कासच्या पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला म्हणून तिथे पहारा, तिकीट सगळे आहे. त्याच्यासारखे जे शेकडो सडे बिननावाचे आहेत त्यांना कोणी नाही. सासवड, दौंड, बारामतीकडचे माळ तर सरकारी कागदांतसुद्धा कित्येक वर्षे 'पडीक' म्हणून गणले गेले. त्या पडीक जमिनीवर टिटवी आणि चंडोल उघड्यावर अंडी घालतात, लांडगे पिले वाढवतात. रस्ता नसलेल्या जागी जाण्याची ज्या गाडीला ताकद आहे, तिच्या मालकाने तिथे जायचे नाही हे स्वतः ठरवावे लागते. दुसरा कोणी अडवायला तिथे असणारच नाही.

त्या मुलीने, वडिलांची जीप घेऊन आलेल्या, याचे उत्तर माझ्यापेक्षा चांगले दिले. तिने विचारले, "तुमच्या शेतात कोणी न विचारता चारचाकी घातली तर चालेल का?" मुळशीकर मोठ्याने हसले. ठरले असे, की चढ-उतार, चिखल, दगड काय हवे ते मुळशीकरांच्या एका पडक्या खाणीत करायचे. तिथे आता जीव नाही आणि मालकाची परवानगी आहे. सड्यावर जायचे तर बुटाने. दोघा पोरांपैकी एकाला हे फारसे पटलेले दिसले नाही. पटेल, किंवा नाही पटणार. परंतु अशा मंडळींनी आपले नियम कागदावर लिहून, सही करून, परिवहन खात्याला आणि वनखात्याला आपण होऊन दिले, तर मघाच्या त्या रकान्याची मागणी करायला त्यांना तोंड राहील. धूळ उडवणाऱ्यांच्या यादीत नाव असेल तर वारसा म्हणून अर्ज करता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला या सगळ्याहून तातडीची वाटते. जीप हे नाव लावलेल्या नव्या, गुळगुळीत मोटारी २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला तयार होतात. महागणपतीला जाणाऱ्यांनी तो कारखाना पाहिला असेल. त्यांचे काही बिघडले तर संगणक जोडतात आणि तो सांगेल तो भाग बदलतात. जुन्या जीपचे दुखणे कानाने ऐकावे लागते. मेळाव्यात सर्वांत जास्त मान होता तो एका मिस्त्रींना. वय सत्तरच्या घरात, शिक्षण सातवी, डाव्या हाताच्या एका बोटाचे पेर लेथने नेलेले. मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. त्या दोन्ही दिवशी ते तिथे फिरतात आणि लोखंडाच्या ढिगाऱ्यातून नेमका तो एक दात असलेले चाक उचलतात. डोळ्यांवर पट्टी बांधून नुसत्या आवाजावरून कोणत्या गाडीचा कोणता व्हॉल्व्ह बसला आहे हे त्यांनी पोरांना सांगून दाखवले. हाताखाली एके काळी सहा जण होते. आता एक पुतण्या आहे, आणि तोही डिलिव्हरीची नोकरी पाहतो आहे. त्याला मी दोष देणार नाही; जुन्या जीपवर पोट भरायला जुन्या जीपा रस्त्यावर असाव्या लागतात. त्या मोडीत गेल्या की ही विद्याही त्यांच्याबरोबर जाईल, आणि मग डॉक्टरांच्या सहा व्होल्टच्या दिव्याखाली उभी असलेली ती देखणी गाडी सुरू करायला शहरात माणूस उरणार नाही. आयटीआयमध्ये या कामाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला तर मिस्त्री शिकवायला तयार आहेत. त्यांना खुर्ची लागत नाही, फळाही लागत नाही. एक उघडे इंजिन आणि न लाजणारी चार पोरे पुरतील, असे म्हणाले.

निघताना त्यांनी मला त्यांची वही दाखवली. लाल कापडी पाठीची, वाण्याकडे असते तसली. कोणत्या वर्षीच्या जीपला कोणते इंजिन बसते, त्यासाठी कोणती पट्टी किती सुताची कापावी लागते, कोणत्या ट्रकचा बेअरिंग थोडा घासून चालतो, गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यामध्ये किती जाडीची चकती टाकावी. सगळे पेन्सिलीने, आकृत्यांसह, चाळीस वर्षांचे. काही पाने तेलाने पारदर्शक झाली होती, तरी वाचता येत होती. याची एखादी प्रत काढून ठेवायला हवी, मी म्हटले.

"काढा की साहेब झेरॉक्स," ते म्हणाले, "पण संध्याकाळपर्यंत वही परत आणून द्या. उद्या एक गाडी उघडायची आहे."